उतरत्या छतात इन्सुलेशन भरण्यापूर्वी वळचण उघडून पाहा

ही यादी लिहिण्याचे कारण इतकेच की हे काम करताना मी एकदा चांगलाच फसलो आहे. न्यू जर्सीतील आमचे घर १९५१ सालचे, केप कॉड पद्धतीचे. म्हणजे वरचा मजला निम्मा छपरातच, आणि तिथल्या खोल्यांचे छत दोन्ही बाजूंनी उतरत येऊन बुटक्या भिंतींना टेकलेले. त्या उतारात मी हौसेने इन्सुलेशन भरले आणि पुढच्याच जानेवारीत खिडकीच्या वर चहाच्या रंगाचा डाग उमटला. छपरावरचा बर्फ आतल्या उबेने वितळत होता, त्याचे पाणी वळचणीपर्यंत येऊन तिथे पुन्हा गोठत होते, कारण तेवढ्या भागाखाली गरम खोली नसते. आणि त्या गोठलेल्या बांधामागे तुंबलेले पाणी शिंगल्सच्या, म्हणजे छपरावर एकावर एक ठोकलेल्या पातळ चकत्यांच्या, खालून वर सरकत होते. वळचणीचे पाणी आढ्याला गेल्याचे लहानपणापासून म्हणीत ऐकले होते, ते असे प्रत्यक्ष पाहिले.

छपराच्या फळ्यांखालून बाहेरची थंड हवा वळचणीपासून आढ्यापर्यंत वाहत राहिली तर छप्पर थंड राहते आणि हे टळते. म्हणून पहिली तयारी ही, की इन्सुलेशनचे एकही बंडल विकत आणण्यापूर्वी शिडी लावून वळचणीखालचे आवरण, म्हणजे सॉफिट, काढून पाहावे. खालून पाहून समाधान मानू नये. आमच्या सॉफिटला बारीक भोकांचे पांढरे व्हिनाइल होते, त्यामुळे हवा आत जाते असे मी गृहीत धरले. डाग पडल्यावर आकड्याने एक पट्टी ओढून काढली, तर मागे १९५१ सालची फळी जशीच्या तशी होती. तिच्यावर जुन्या रंगाचे पापुद्रे होते, पण हवा जाईल असे एकही भोक नव्हते. पूर्वी कोणीतरी जुन्या लाकडावरच व्हिनाइल ठोकून मोकळे झाले होते. जुन्या घरांत हे सर्रास आढळते. फळी बंद असेल तर तिच्यात वाशांच्या मधोमध सुमारे दोन इंच रुंदीची सलग फट कापावी, तिला बारीक जाळी ठोकावी आणि मगच व्हिनाइल परत बसवावे. गांधीलमाश्यांचे पोळे तिथेच असते, तेव्हा हे काम थंडीत केलेले बरे.

आढ्यावर हवा बाहेर पडण्याची फट, म्हणजे रिज व्हेंट, आधीपासून असेल तर ही तपासणी अधिकच निकडीची ठरते. खालून हवा मिळाली नाही तर ती फट घरातलीच गरम, दमट हवा छतातल्या भेगांमधून वर ओढते. आमच्या पोटमाळ्यात छपराच्या खिळ्यांच्या टोकांवर साखरेच्या दाण्यांसारखे हिमकण धरले होते, ते याच हवेतल्या बाष्पाचे. हिशेब सोपा आहे: छताच्या दर ३०० चौरस फुटांमागे एकूण एक चौरस फूट मोकळी जागा, त्यातली निम्मी तरी वळचणीला. व्हिनाइलचे सगळे क्षेत्रफळ यात धरू नये, केवळ भोकांचे धरावे.

दुसरी तयारी मापांची. आमचे वासे नावाला सहा इंची असले तरी प्रत्यक्षात साडेपाच इंच खोल आहेत. छपराच्या फळ्यांखाली हवेसाठी किमान एक इंच सोडावाच लागतो. मी दोन सोडतो, कारण जुने वासे सरळ नसतात. उरलेल्या साडेतीन इंचांत आर-१३ची फायबरग्लासची गादी बरोबर बसते (आर म्हणजे उष्णता अडवण्याच्या क्षमतेचा आकडा). अधिक ऊब मिळेल म्हणून सव्वासहा इंची आर-१९ कोंबण्याचा मोह अनेकांना होतो. ती दाबली गेल्याने तिचा गुण कमी होतोच, शिवाय ती फुगून हवेची वाटही बुजवते. कमी पडणारी ऊब वाशांच्या खालून दोन इंची फोमच्या तक्त्याने भरून काढावी. हवेची वाट राखणारे बॅफल वळचणीपासून उताराच्या माथ्यापर्यंत सलग हवेत. दुकानात मिळणारे चार फुटी तुकडे एकमेकांत अडकवून लावावेत, आणि खालचे टोक बाहेरच्या भिंतीच्या पलीकडे, थेट उघड्या सॉफिटपर्यंत न्यावे. उघड्या, हे पुन्हा सांगतो. मी बॅफल मन लावून बसवले होते, आणि ते सगळे एका बंद फळीवर जाऊन टेकले होते.

बुटक्या भिंतीच्या मागे रांगत जाऊन जमिनीच्या तुळयांमधल्या पोकळ्या पाहाव्यात. त्या भिंतीखालून पलीकडे मोकळ्या असतील तर वळचणीची थंड हवा खोलीच्या जमिनीखाली शिरते. भिंतीच्या बरोबर खाली फोमचे तुकडे बसवून कडा फोमनेच बंद कराव्यात. तिथे करड्या-सोनेरी खड्यांसारखे जुने भरण दिसले तर हात लावू नये: ते व्हर्मिक्युलाइट नावाचे खनिज असू शकते आणि त्यात फुप्फुसांना घातक असे अ‍ॅस्बेस्टॉस असण्याची शक्यता असते. बाथरूमच्या पंख्याचा पाइप पोटमाळ्यात किंवा सॉफिटमध्ये सोडलेला असेल तर तो आधी छपरातून बाहेर काढावा, नाहीतर तीच वाफ वळचणीतून परत आत येते.

मास्क, चष्मा, पूर्ण बाह्यांचा सदरा हे सांगायला नको. उतारात दिवे बसवू नयेत. फोमच्या तक्त्यांचे सांधे फॉइल टेपने चिकटवावेत, आणि त्यावर अर्धा इंची ड्रायवॉल, म्हणजे जिप्समचा तक्ता, लावणे आगीच्या दृष्टीने बंधनकारक आहे. स्क्रू लांब घ्यावेत.

ड्रायवॉल चढवण्यापूर्वी मात्र वारा असलेल्या दिवशी माथ्याकडच्या टोकाला प्रत्येक बॅफलच्या तोंडाशी उदबत्ती धरावी. धूर हलला नाही तर त्या दोन वाशांमधली फळी कापायची राहिली आहे. माझ्या तीन राहिल्या होत्या.