‘नाही ना?’ असं विचारू नका

१७ वर्षं मी ऑफिसात टीम सांभाळते आहे. एका गुरुवारी आमच्यातल्या एकाने आपल्या टेबलावरचं रोपटं उचलून माझ्या टेबलावर ठेवलं. “मॅडम, आता तुम्हीच पाणी घालत जा.” त्याने सगळं काम वेळेआधी संपवलं होतं, प्रत्येक फाइलवर पुढे ती कोण बघेल त्याचं नाव लिहिलं होतं. किती नीटनेटका मुलगा, असं मला वाटलं. संध्याकाळी रोपट्याकडे नजर गेली तेव्हा पोटात धस्स झालं: ही आवराआवर जीव द्यायच्या विचाराने तर चालली नसेल? दोन आठवडे तो जेवायलाही एकटाच बसत होता.

असं काही खटकलं तर त्याच दिवशी बोला. रिकामी खोली बघा, फोन बाहेर ठेवा. निदान करायला जाऊ नका, जे दिसलं तेवढंच सांगा: “तू रोपटं दिलंस, एकटा बसतोस, मला काळजी वाटते.” मग सरळ विचारा: “तुझ्या मनात आत्महत्येचे विचार येतात का?” हा शब्द उच्चारायला जीभ अडते, पण उच्चाराच. विचारल्याने विचार डोक्यात शिरत नाही, हे अभ्यासांतून वारंवार दिसलं आहे. “तसलं काही मनात नाही ना?” असं मात्र म्हणू नका. त्या ‘ना’मध्येच समोरच्याने काय उत्तर द्यायचं ते आपण सांगून टाकलेलं असतं.

नंतर गप्प बसा. तो बराच वेळ पेनाचं टोपण काढत-लावत राहिला आणि मग म्हणाला, “हो.” अशा वेळी “तुला काय कमी आहे?”, “घरच्यांचा विचार कर” हे ओठांवर येतं. ते गिळा. “सांगितलंस, बरं केलंस” एवढं पुरतं. पुढचा प्रश्न: कसं, कधी, काही ठरवलंय का? ठरवलं असेल तर क्षणभरही एकटं सोडू नका, धोक्याची वस्तू त्याच्यापासून दूर करायची व्यवस्था करा आणि थेट दवाखान्यात न्या. ती तीव्र लाट बहुतेकदा ओसरते. तोवर माणूस सोबत हवा. भारतात असाल तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर चोवीस तास चालू असतो. चिठ्ठीवर लिहून देऊ नका, शेजारी बसून लावा.

“कोणालाच सांगणार नाही” असं वचन देऊ नका. “एक-दोघांना सांगावं लागेल, कोणाला ते आपण दोघं ठरवू,” असं म्हणा.

१० सप्टेंबरच्या जागतिक आत्महत्या प्रतिबंध दिनाची पोस्टर लावा, हरकत नाही. पण रात्री अकराला येणारे मेसेज आणि सर्वांसमोरचा पाणउतारा तसाच राहिला तर त्यांचा काय उपयोग? कामाच्या ठिकाणच्या मानसिक आरोग्याबद्दलच्या जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२च्या मार्गदर्शक सूचनांतही कामाची रीत बदलण्यावर आणि व्यवस्थापकांच्या प्रशिक्षणावर भर आहे.

माणूस रजेवरून परत येतो तेव्हाच आपण सगळे कमी पडतो. सॅन फ्रान्सिस्कोत जेरोम मोटो या मानसोपचारतज्ज्ञाने रुग्णालयातून घरी गेलेल्या आणि पुढचे उपचार नाकारलेल्या लोकांना अधूनमधून दोन ओळींची पत्रं पाठवली, उत्तराची अपेक्षा न ठेवता. पहिल्या दोन वर्षांत, पत्रं न मिळालेल्यांपेक्षा त्यांच्यात आत्महत्या कमी झाल्या. म्हणून रजेतही “आठवण आली” एवढं कळवा. परतल्यावर काम हलकं करा, पण महत्त्वाचं सगळंच काढून घेऊ नका, त्याने माणूस आणखी खचतो. काय कमी करायचं ते त्यालाच विचारा.

आणि विचारणाऱ्यालाही कोणीतरी हवं. त्या रात्री माझा डोळा लागला नाही. दुसऱ्या दिवशी नाव न घेता एका मैत्रिणीशी तासभर बोलले, तेव्हा कुठे हातांची थरथर थांबली.