तार ओढण्याआधी खांब बघा

छाटणी उरकली, काड्या तारेतून सोडवून बाहेर काढल्या आणि डोळे अजून फुगायचे आहेत. द्राक्षवेलीच्या आधाराची तार कसायला वर्षातले हेच दिवस. वेल हलका असतो, तार उघडी असते, हात कुठेही पोचतो. घड भरल्यावर झोळ डोळ्यात भरतो खरा, पण तेव्हा तार ओढायला गेलात तर फुटी मोडतात, बांधलेल्या काड्या सोलतात आणि निम्मा जोर भार उचलण्यातच जातो. कुंपणाची फेरीही याच दिवसांत मारून घ्या. गवत वाढलं की खालची तार दिसतसुद्धा नाही.

या सुमाराला हमखास येणारा प्रश्न म्हणजे तार ओढायला कोणतं अवजार घेऊ. अवजाराचं नाव सांगण्याआधी मी उलट विचारतो, ओळ किती लांब आहे? कारण तारेतला ढिलेपणा शेवटी सेंटिमीटरचा हिशोब असतो. २.५ मिलिमीटर जाडीची हाय टेन्साइल, म्हणजे जास्त ताण सोसणारी कडक तार १०० मीटर लांब असेल, तर ती नुसती सरळ झाल्यापासून १०० किलोच्या ताणापर्यंत न्यायला साधारण १० सेंटिमीटर ओढावी लागते. ओळ २०० मीटरची असेल तर २० सेंटिमीटर. तार रबरासारखीच ताणली जाते, फक्त ते डोळ्यांना दिसत नाही.

आता हेच गणित उलटं करा. शेवटचा खांब तारेच्या उंचीवर ५ सेंटिमीटर आत कलला, तर १०० मीटरच्या ओळीतला निम्मा ताण गेला. ओळ ५० मीटरचीच असेल तर सगळाच गेला. चांगल्या तारेचा झोळ बहुतेक वेळा तारेमुळे नसतोच, खांब सरकलेला असतो. तरी आपण काय करतो? तार ओढतो. खांब आणखी कलतो, तार पुन्हा ढिली पडते, आणि दोष अवजाराला लागतो.

म्हणून पहिली फेरी रिकाम्या हाताने मारा. शेवटच्या खांबाच्या बुडाशी बसा आणि तारेच्या उलट बाजूला, म्हणजे ओळीबाहेरच्या अंगाला, माती आणि खांब यांच्यामध्ये फट पडली आहे का ते बघा. बोट आत जात असेल तर तो खांब हलतो आहे. ओळंबा लावला तर किती कलला तेही कळेल. सहा तारांचं कुंपण, प्रत्येक तारेत १०० किलो ताण, म्हणजे कोपऱ्याचा खांब रात्रंदिवस ६०० किलो ओढ सहन करतो. नुसता खड्डा करून पुरलेला खांब हे फार दिवस झेलत नाही. त्याला बाहेरच्या बाजूने जमिनीत गाडलेल्या अँकरला बांधलेला तणावा, म्हणजे खांबाला मागे ओढून धरणारी तार हवी, नाहीतर आतल्या बाजूने दुसरा खांब, दोन्हींमध्ये आडवी दांडी आणि तिरकी तार. या तिरक्या तारेची दिशा लोक हटकून चुकवतात. ती कोपऱ्याच्या खांबाच्या बुडापासून आतल्या खांबाच्या डोक्याकडे गेली पाहिजे. उलटी बांधली तर ती शोभेपुरतीच. दुपदरी तिरकी तार मध्ये लोखंडी कांब घालून पीळ देत कसता येते, ती आधी कसा, मग मुख्य तारेकडे वळा. जमीन ओली, मऊ असेल तर दोन-चार दिवस थांबा. चिखलात उभ्या खांबाला ओढणं म्हणजे तो स्वतःच्या हाताने वाकवणं.

दुसरी अडचण मधल्या खांबांवर असते. लाकडी खांबावर तार यू खिळ्याने अडकवतात. हा खिळा पूर्ण ठोकायचा नसतो, तार आतून सरकेल एवढी फट ठेवायची असते. एका वर्षी मी रॅचेट, म्हणजे तार गुंडाळून ओढणारं खटक्याचं चाक, फिरवत होतो. खटके पडत होते, जवळच्या गाळ्यातली, म्हणजे दोन खांबांमधल्या अंतरातली तार सळईसारखी कडक झाली होती, आणि चौथ्या खांबापलीकडे तीच तार लोंबत होती. जाऊन पाहिलं तर चौथ्या खांबावरचा खिळा तारेवर घट्ट बसलेला, तारेच्या अंगात रुतलेला. तो आदल्या वर्षी मीच ठोकला होता. म्हणून ओढण्याआधी ओळभर चालत जाऊन प्रत्येक खांबावर तार बोटाने मागेपुढे करून बघा. सिमेंटच्या किंवा लोखंडी अँगलच्या खांबावर बांधतारेने आवळलेली असेल तर ती बांधतार सैल करा, ताण आल्यावर पुन्हा बांधा. वेलीच्या तारेवर जुन्या बांधणीच्या गाठी आणि वाळलेले ताणे चिकटलेले असतात, तेही काढून टाका.

एवढं झाल्यावर अवजार.

टर्नबकल सगळ्यांच्या ओळखीचं. एका टोकाला उजवे आटे, दुसऱ्याला डावे, मधला भाग फिरवला की दोन्ही टोकं आत येतात. छोट्या ओळींना, तणाव्याच्या तारेला आणि बारीक जुळवणीला उत्तम. पण त्याची ओढ आट्यांच्या लांबीइतकीच. २०० मीटरच्या ढिल्या तारेवर ते लावून संपेपर्यंत फिरवलं तरी तार जेमतेम सरळ होईल. आट्यांना दरवर्षी ग्रीस लावा, आणि बसवताना पूर्ण उघडून बसवा. निम्मं मिटलेलं टर्नबकल बसवणारे बरेच भेटतात, पुढच्या वर्षी त्यांच्याकडे फिरवायला काहीच उरत नाही.

लांब ओळीला रॅचेट टेन्शनर बरा. छोटं चाक, त्यावर तार गुंडाळली जाते आणि खटका ती मागे सुटू देत नाही. ओढ भरपूर मिळते आणि तो तारेवर कायमचा राहतो, त्यामुळे दरवर्षी फक्त हँडल लावून चार खटके वाढवायचे. हा शेवटच्या खांबाशी बसवण्यापेक्षा ओळीच्या मध्यावर बसवा. मग दोन्ही बाजूंनी ओढ येते आणि खांबांवरच्या घासण्याने ताण वाटेत खाल्ला जात नाही. चाकावर किमान दीड-दोन वेढे पडलेच पाहिजेत, नाहीतर तारेचं टोक निसटतं. ताण कमी करायचा असेल तर आधी हँडलने भार हातात घ्या, मग खटका उचला. भाराखाली असलेला खटका हातोडीने उडवू नका. ते हँडल भिंगरीसारखं फिरतं आणि समोर जे असेल त्याला लागतं.

साखळीचं ओढयंत्र, ज्याला काही जण चेन पुलर म्हणतात, ते तारेवर राहत नाही. दोन्ही बाजूंना तार पकडणारे जबडे, मध्ये साखळी, आणि दांडा मागेपुढे केला की एकेक कडी पुढे सरकते. तुटलेली तार जोडताना याला पर्याय नाही, दोन्ही टोकं जवळ आणून गाठ मारेपर्यंत ते धरून ठेवतं. जबडे मात्र नीट बघून घ्या. झिजलेल्या दातांचे जबडे तार सोडतात, आणि फार धारदार दातांचे जबडे तिच्यावर ओरखडा पाडतात. हाय टेन्साइल तार ओरखड्यावरच तुटते, आज नाही तर थंडीच्या एखाद्या पहाटे. याच कारणाने तिला पकडीने चावू नये.

ग्रिपलसारखी पाचरीची जोडणीही आता वेलीच्या तारेवर सर्रास दिसते. तार एका बाजूने आत जाते, मागे येत नाही. शेपूट १० ते १५ सेंटिमीटर राखा, पुढच्या वर्षी तेच शेपूट धरून पुन्हा ओढता येतं. पुष्कळ जण ते नीटनेटकं दिसावं म्हणून मुळातून कापतात आणि मग वर्षभराने नवी जोडणी विकत घेतात. जोडणीवर तारेची जाडी लिहिलेली असते ती पाळा. बारीक तार मोठ्या जोडणीत घट्ट बसल्यासारखी वाटते, पण भार आला की सरकते.

काटेरी तारेचं प्रकरण वेगळं. ती दोन तारांच्या पिळाची, जुनी झाली की पिळाच्या आत पाणी राहून गंजते. गंजलेली काटेरी तार ओढू नका, बदला. थोडा झोळ असेल तर पकडीने जागोजागी लहान नागमोडी मोडा देऊन काढता येतो, हे साध्या मऊ तारेलाही चालतं. जस्ताचा थर तिथे तडकतो, म्हणून हा हंगामापुरता इलाज समजा. जाळीच्या कुंपणाला आडव्या तारांमध्ये कारखान्यातूनच वळणं दिलेली असतात. ती वळणं निम्म्याच्या आसपास सपाट झाली की थांबा. पूर्ण सरळ केलीत तर थंडीगर्मीत आकसायला-सैलावायला जाळीकडे काही शिल्लक राहत नाही. जाळी एका बिंदूला धरून ओढली तर तिरकी होते, म्हणून पूर्ण उंचीच्या दोन फळ्यांमध्ये बोल्टने आवळून, वर आणि खाली अशा दोन ठिकाणी ओढा. ट्रॅक्टरला बांधून तार ओढू नका. चालकाला ताण कळत नाही, तार तुटल्यावरच कळतं.

किती ओढायची? बहुतेक जण तार छेडून आवाजावरून सांगतात. ५ मीटरच्या गाळ्यात १०० किलो ताण असलेली २.५ मिलिमीटरची तार सेकंदाला साधारण १६ वेळा हलते, आणि माणसाचा कान २० च्या खाली ऐकत नाही. तुम्ही ऐकता ती वरची झणझण, तिच्यावरून ताण ओळखायचा तर कान तंबोरा जुळवणाऱ्याचाच हवा.

त्यापेक्षा घरी करता येणारं माप सांगतो. एक सरळ फळी घ्या, तिच्यावर बरोबर १ मीटर अंतरावर दोन खिळे ठोका. दोन्ही खिळ्यांना जोडणाऱ्या रेषेच्या बरोबर मध्यावर, रेषेपासून १२.५ मिलिमीटर बाजूला पेन्सिलने खूण करा. फळी तारेला अशी लावा की तार दोन्ही खिळ्यांना एकाच बाजूने टेकेल आणि खुणेकडे ओढता येईल. मध्यावर तारेत स्प्रिंगचा वजनकाटा अडकवा आणि तार खुणेपर्यंत काटकोनात ओढा. काट्यावर जे वजन दिसेल त्याला २० ने गुणा. ५ किलो दिसले तर ताण १०० किलो. खांबापासून जरा दूर, गाळ्याच्या मध्ये मोजा. एका ओळीत रॅचेटजवळ आणि टोकाला असे दोनदा मोजलं की कुठला खिळा तार अडवतोय तेही कळून येतं.

हाय टेन्साइल तारेला १०० किलो पुरतात. साधी मऊ तार याच जाडीची असेल तर सव्वाशे किलोच्या आसपासच ती कायमची लांबते, परत येत नाही. दरवर्षी तीच तार ओढूनही पुन्हा झोळ पडतो तो यामुळे. तिला ६०-७० किलोच्या वर नेऊ नका.

झोळ भारामुळे असेल तर मात्र नुसत्या ताणाने भागत नाही. ५ मीटरचा गाळा, मीटरला ५ किलो माल आणि तारेत १०० किलो ताण, एवढ्यात मधोमध १५ सेंटिमीटरहून जास्त झोळ येतो. तो निम्मा करायला ताण दुप्पट लागतो. गाळा निम्मा केला तर झोळ पाववर येतो. ज्या गाळ्यात दरवर्षी घड जमिनीकडे येतात तिथे अवजार घेऊन जाण्यापेक्षा मध्ये एक खांब रोवा.

हवेचंही बघावं लागतं. तापमानात ३० अंशांचा फरक पडला तर १०० मीटर पोलादी तार साडेतीन सेंटिमीटरहून जास्त कमीजास्त होते, आणि दोन्ही टोकं पक्की असतील तर त्या २.५ मिलिमीटरच्या तारेत साधारण ३५ किलोंचा फरक पडतो. भर उन्हात १०० किलो ओढलीत तर कडाक्याच्या पहाटे ती १३५ ला जाईल. पहाटे १०० ओढलीत तर दुपारी ६५ उरतील. म्हणून ऊन चढायच्या आधी पण गारठा ओसरल्यावर ओढा. ओळीत टेन्शन स्प्रिंग बसवली तर हा चढउतार बराच खाली येतो. १०० किलोला १० सेंटिमीटर दबणारी स्प्रिंग १०० मीटरच्या ओळीत तो जवळपास निम्मा करते.

एका खांबावर चार-सहा तारा असतील तर एकच तार पूर्ण ताणून पुढच्या तारेला हात घालू नका. शेवटची तार कसली की खांब केसभर आत येतो आणि पहिली सैल होते. प्रत्येकीला आधी निम्मा ताण द्या, मग दुसऱ्या फेरीत पूर्ण. दुसऱ्या दिवशी पुन्हा मोजा.

ओढताना चामड्याचे हातमोजे आणि डोळ्यांवर चष्मा हवाच. तारेच्या रेषेत उभं राहू नका, दोन पायांच्या मध्ये तार घेऊ नका, आणि कोपऱ्यात खांबाच्या त्या बाजूला राहा की तार सुटली तर खांबावर आपटेल, तुमच्यावर नाही. ताण असलेली तार कापायची वेळ आली तर आधी ताण सोडा. विजेचं कुंपण असेल तर यंत्र बंद करून, जोडणी काढूनच हात लावा.

आणि खिशात एक डबा ठेवा. तोडलेले तुकडे, उपटलेले यू खिळे, बांधतारेची टोकं, सगळं त्यात टाका. गवतात पडलेला दोन बोटं लांबीचा तुकडा गाय चाऱ्याबरोबर गिळते, तो तिच्या पोटाच्या जाळीदार कप्प्यात अडकतो आणि तिथून भिंत भेदून हृदयापर्यंत जाऊ शकतो. ओळ संपली की बुडाशी एक लोहचुंबक फिरवून घ्या.