गच्चीवरच्या टाकीला बिनतारी सेन्सर बसवताना

टाकीत पाणी किती आणि गळतं किती हे कळावं म्हणून बरेच जण सुरुवात पाइपावर फ्लो मीटर (वाहतं पाणी मोजणारं यंत्र) लावून करतात आणि तिथेच फसतात. नळाला पाणी येण्याआधी पाइपातली हवा सुटते, मीटरची चक्री हवेवरही फिरते. शिवाय वायएफ-एस२०१सारखं स्वस्त मीटर मिनिटाला एक लिटरच्या खाली भरवशाचं नसतं. गळका फ्लश त्याला दिसतच नाही. म्हणून आधी टाकीतली पातळी मोजा.

सामान थोडंच: प्रत्येक टाकीला एक जेएसएन-एसआर०४टी सेन्सर (आवाज पाण्यावर आपटून परत यायला लागणाऱ्या वेळेवरून अंतर मोजणारा), ईएसपी३२ (छोटा कंट्रोलर बोर्ड), एसएक्स१२७६ चिपचं लोरा (लांब पल्ल्याचा रेडिओ) मॉड्यूल, डीएस१८बी२० तापमापक, घरात आणखी एक ईएसपी३२ आणि लोरा. दोनतीन स्लॅब मध्ये असले की वायफाय दम तोडतं, लोरा पोचतं. आपल्याकडे ८६५ ते ८६७ मेगाहर्ट्झला परवाना लागत नाही. एसएक्स१२७८ घेऊ नका, ते ४३३ मेगाहर्ट्झचं. अँटेना लावल्याशिवाय मॉड्यूल चालू करू नका, जळू शकतं.

सेन्सरला ५ व्होल्ट दिले की इको पिनवरही (आवाज परत आल्याची खूण देणारी पिन) ५ येतात, ईएसपी३२ला ३.३च चालतात. मध्ये १ किलोओहमचा आणि ईएसपी३२च्या पिनपासून ग्राउंडला २ किलोओहमचा रेझिस्टर घालून व्होल्टेज उतरवा.

सेन्सरला २०-२५ सेंमीच्या आतलं दिसत नाही. तो झाकणाला चिकटवलात तर टाकी काठोकाठ भरली की आकडे वेडेवाकडे येतात. झाकणावर पाइपाचा तुकडा बसवून सेन्सरचं तोंड पूर्ण पातळीपासून ३० सेंमी वर ठेवा. आत येणारी धार आणि फ्लोटचा दांडा त्याच्या समोर नको. पहाटे तोंडावर दव साचतं, तेव्हा रिकामी टाकीही भरलेली दिसते. सात रीडिंग घेऊन मधलं धरलं की एखादं चुकार रीडिंग गळतं. दव मात्र पुसावंच लागतं.

आता खरी गोम. आवाजाचा वेग २० अंशांना सेकंदाला ३४३ मीटर, ४० अंशांना ३५५. कोडमध्ये ३४३ कायमचा लिहिलात, तर रात्री हवा १० अंशांनी निवली की ८० सेंमीवरचं पाणी सव्वा ते दीड सेंमी उतरल्यासारखं वाटतं. १.१ मीटर व्यासाच्या टाकीत १ सेंमी म्हणजे साडेनऊ लिटर. न गळणारी टाकी बारा-तेरा लिटर गळते! तापमापक त्यासाठीच, आणि तो टाकीच्या आत, पाण्याच्या वर टांगायचा.

रीडिंग दर १० मिनिटांनी पाठवा, एरवी बोर्ड झोपवा. चिप झोपली तरी साध्या बोर्डावरचा रेग्युलेटर (व्होल्टेज स्थिर ठेवणारा भाग) जागा असतो: १० मिलिअँपिअर जात असतील तर २६०० मिलिअँपिअर-अवरचा सेल अकरा दिवसांत बसतो. अर्धा तास निरोप आला नाही, तर पडद्यावर जुना आकडा न ठेवता ‘माहिती नाही’ दाखवा. पंपाचा फ्लोट स्विच काढू नका. रेडिओच्या भरवशावर पंप सोडायचा नसतो.

गळती बघायची ती रात्री १ ते ४, पंप बंद असताना. पातळी ३ सेंमी उतरली म्हणजे २८ लिटर गेले. एकेका रात्री एकेका फ्लशचा कॉक बंद ठेवा. ज्या रात्री पातळीची रेघ सपाट येईल, तो फ्लश चोर.