रिजनल एअरलाइनची पायलट मुलाखत: या चुका टाळा

महिन्यातून एक-दोन दिवस मी विमानात नसतो, भरतीच्या पॅनेलवर असतो. बाकीचे दिवस टर्बोप्रॉपवर (प्रोपेलर फिरवणाऱ्या टर्बाइन इंजिनाच्या विमानावर) कॅप्टन. पॅनेलच्या दिवशी सहा-सात उमेदवार येतात आणि चौथा आत येईपर्यंत त्याचं पुढचं वाक्य काय असणार हे मला पाठ झालेलं असतं. चुका निदान नव्या असत्या तर दिवस जरा बरा गेला असता. त्याच त्या बघून वैताग आला, म्हणून हे लिहायला घेतलं.

आधी एक गैरसमज. "रिजनल तर आहे, इथून सुरुवात करू, मग मोठ्या जेटवर जाऊ" असं मनात असायला माझी हरकत नाही, माझ्याही होतं. ते चेहऱ्यावर घेऊन येऊ नका. दिवसाला चार-पाच सेक्टर (एकेक उड्डाण), मध्ये जेमतेम अर्धा तास, आखूड धावपट्ट्या, पुष्कळ ठिकाणी आयएलएसचा (रेडिओ संकेतांनी धावपट्टीपर्यंत आणणाऱ्या यंत्रणेचा) पत्ता नाही. एटीआर ७२ या टर्बोप्रॉपची कमाल उंचीच २५,००० फूट, म्हणजे ढग, बर्फ आणि हिसके ज्या थरात असतात त्याच थरात तुमची नोकरी. मोठी जेट हे सगळं खाली टाकून वर निघून जातात. त्यामुळे या कामाला हलकं समजणारा माणूस शेजारी बसवायचा का, हा प्रश्न आम्ही स्वतःच्या जिवाच्या हिशेबाने सोडवतो.

लॉगबुक

माझं डोकं सगळ्यात जास्त फिरतं ते इथे. उमेदवार सहा महिने टेक्निकलची तयारी करतो आणि लॉगबुक, म्हणजे उड्डाणतासांची वही, मुलाखतीच्या आदल्या रात्री बॅगेत टाकतो.

माझी एक सवय आहे. लॉगबुक हातात आलं की मधलं कुठलं तरी पान उघडायचं आणि त्याच्या वरची "मागून आणलेली" बेरीज आदल्या पानाच्या "एकूण"शी जुळवायची. एक मिनिटाचं काम. एकदा एका उमेदवाराच्या लॉगबुकात आदल्या पानावर एकूण ३१८.४ तास होते आणि पुढच्या पानावर मागून आणलेले ३८१.४. आकडे उलटे पडले होते. ६३ तास फुकट मिळाले आणि पुढची काही वर्षं ते तसेच वाढत्या बेरजेबरोबर वाहत आले. अर्जात तेच, सीव्हीत तेच.

गंमत म्हणजे ते ६३ तास वजा केले तरी तो आमच्या किमान अटीत आरामात बसत होता. खोटेपणा नव्हता, हे आम्हा तिघांनाही दिसत होतं. मी पान त्याच्यासमोर सरकवलं. तो बघत राहिला. मग म्हणाला, हे इन्स्ट्रक्टरने लिहिलं असेल. अक्षर त्याचंच होतं. मग म्हणाला, जुनं लॉगबुक भिजलं होतं, त्यावरून उतरवताना झालं असेल. मग म्हणाला, अॅपमध्ये बरोबर आहे. तीन मिनिटांत तीन कारणं. माझ्या शेजारच्या कॅप्टनबाईंनी शांतपणे विचारलं, "खाली सही तुमचीच ना?"

"हो, पण सही करताना वाचलं नव्हतं."

"लोडशीटवर पण अशीच करणार?" (लोडशीट म्हणजे विमानातल्या वजनाचा हिशेब.)

त्यानंतर आम्ही अर्धा तास बोललो, चहा दिला, पण मुलाखत तिथेच संपली होती. "चूक माझी आहे, आज दुरुस्त करतो" एवढं तो म्हणाला असता तर तो आज आमच्याकडे उडत असता, इतपत मी खात्रीने सांगू शकतो.

मी स्वतः काय करतो ते सांगतो, पद्धत वगैरे नाही, सवय आहे. अॅप बेरीज करतं तरी महिन्याच्या शेवटी कागद-पेन्सिल घेऊन एकदा हाताने करतो. चूक सापडली की एक सरळ रेघ, वर बरोबर आकडा, बाजूला छोटी सही. व्हाइटनर लावलेलं लॉगबुक मी आजवर दोनदा पाहिलं आणि दोन्ही वेळा खाली काय होतं हे बघायला पान उजेडासमोर धरलं. मुलाखतीच्या दोन आठवडे आधी एका कागदावर सगळे आकडे काढा: एकूण, पीआयसी (स्वतः कमांडमध्ये असतानाचे), मल्टी-इंजिन, रात्रीचे, प्रत्यक्ष ढगातले इन्स्ट्रुमेंट तास, गेल्या सहा महिन्यांतले तास. सिम्युलेटरचे तास वेगळे, ते उड्डाणाच्या एकूण तासांत घालायचे नाहीत. अर्ज, सीव्ही आणि लॉगबुक या तिन्हीत एकच आकडा हवा. "साधारण" हा शब्द नको.

आणि प्रत्येक ओळीमागची गोष्ट आठवायला हवी. मी बोट ठेवून विचारतो, "या दिवशी ०.४ तासच का?" हवामान बिघडून परत फिरलात, रेडिओ गेला, काही का असेना. आठवत नसेल तर ती ओळ खरीच आहे का, अशी शंका येते.

नापास झालेल्या टेस्टही यातच आल्या. लपवू नका. नियामकाकडे नोंद असते, ती आमच्यापर्यंत येते. एकदा नापास झालेला माणूस आम्ही घेतो. विचारल्यावर "नाही" म्हणालेला घेत नाही.

प्रश्नसंच पाठ करून येणं

कुठून कुठून जमवलेल्या पीडीएफ फिरत असतात, मला माहीत आहे. एकाने तर माझा प्रश्न पुरा व्हायच्या आत उत्तर सुरू केलं, आणि ते मी न विचारलेल्या प्रश्नाचं होतं. पीडीएफमध्ये तो प्रश्न त्याच क्रमाने असावा.

पाठांतर पकडायला दुसरा प्रश्न पुरतो. व्ही-वन (टेकऑफच्या धावेतला एक ठरलेला वेग) म्हणजे काय? "डिसिजन स्पीड", सगळे म्हणतात. मग विचारतो, त्या वेगाला निर्णय घ्यायचा, की निर्णय त्याआधी झालेला असायचा? इथे अर्धे गप्प. व्ही-वनच्या आत थांबण्याची पहिली कृती सुरू झालेली असली पाहिजे, म्हणजे निर्णय त्याच्याही आधीचा. व्ही-वनला पोचून विचार करायला बसलात तर थांबायला धावपट्टी उरणार नाही.

हायड्रोप्लेनिंगचंही, म्हणजे ज्या वेगाला टायर पाण्यावर तरंगू लागतात त्याचंही, तेच. "टायरच्या पीएसआय प्रेशरच्या वर्गमूळाला ९ ने गुणायचं", धडाधड म्हणतात. बरं, प्रेशर १०० असेल तर किती नॉट? एकाने कॅल्क्युलेटर मागितला. शंभराचं वर्गमूळ काढायला!

येत नसेल तर "माहीत नाही, अमुक मॅन्युअलमध्ये शोधेन" म्हणा, आम्हाला चालतं. फक्त ते उत्तर ढालीसारखं सगळीकडे पुढे करू नका. गेल्या महिन्यात जे विमान उडवलंत त्याचा स्टॉल स्पीड (ज्याच्याखाली पंख विमान उचलून धरत नाहीत तो वेग) तुम्हाला यायलाच हवा.

टर्बोप्रॉपच्या मुलाखतीला येताना स्टॉल आणि आयसिंग (विमानावर बर्फ साचणं) हे दोन विषय तरी मुळापासून समजून या. १२ फेब्रुवारी २००९ ला बफेलोजवळ पडलेल्या क्यू४०० या टर्बोप्रॉपमध्ये स्टिक शेकर (स्टॉल जवळ आल्याचा इशारा) हादरू लागल्यावर कॅप्टनने स्टिक मागे ओढली. ती पुढे जायला हवी होती. आणि १९९४ साली अमेरिकेतल्या रोझलॉनला होल्डिंगमध्ये घिरट्या घालणारं एटीआर ७२ बर्फाने गेलं. बर्फ पंखांच्या पुढच्या कडेवरच्या डी-आयसिंग बूटांच्या (फुगून बर्फ तोडणाऱ्या रबरी पट्ट्यांच्या) मागे साचला आणि एलेरॉन (विमान कलवणारी पंखावरची पाती) हातातून निसटले. तारखा मी विचारणार नाही. बूट चालू असूनही काय झालं, हे विचारीन.

सिममधली घाई

सिम (सिम्युलेटर) चेकला लोक मुख्यतः एका गोष्टीने नापास होतात: आपण किती चपळ आहोत हे दाखवायला जातात.

एक उमेदवार होता, हात फार सुरेख. लेव्हल फ्लाइट, वळणं, रॉ डेटा आयएलएस (ऑटोमेशनच्या मदतीशिवाय), सगळं लोण्यासारखं. मी मनातल्या मनात त्याला पास करून टाकलं होतं. शेवटी टेकऑफनंतर एक इंजिन बंद केलं. विमानाचं नाक डावीकडे गेलं, त्याने उजवा रडर (नाक डावी-उजवीकडे वळवणारं पायाचं पेडल) बरोबर दाबला, पिच (नाकाची वर-खाली स्थिती) सांभाळली. आणि मग, जमिनीपासून दोनशे फुटांवर, शेजारच्याला एक शब्द न सांगता त्याचा हात पॉवर लिव्हरवर गेला आणि उजवा लिव्हर मागे आला. चालू इंजिनाचा. पाय बरोबर होता, हात चुकला. मी सिम फ्रीज केलं तेव्हा तो लिव्हरकडेच बघत होता, जणू तो दुसऱ्या कुणीतरी ओढला असावा.

हे फक्त सिममध्ये होतं असं समजू नका. ४ फेब्रुवारी २०१५ ला तैपेईहून निघालेल्या ट्रान्सएशियाच्या एटीआर ७२ मध्ये उजवा प्रोपेलर आपोआप फेदर झाला (पाती वाऱ्याला समांतर वळली) आणि कॉकपिटमध्ये चालू असलेलं डावं इंजिन बंद केलं गेलं. ५८ पैकी ४३ जण गेले. घाईघाईत इंजिन बंद केल्याने कोणी वाचल्याचं मला आठवत नाही. विमान एका इंजिनावर चढतं, तसंच ते बनवलेलं असतं.

मी अजूनही सिममध्ये इंजिन गेलं की मोठ्याने बोलतो: "रडर, पिच, स्पीड." गिअर (चाकं) वर. मग ४०० फुटांपर्यंत काही नाही, अक्षरशः काही नाही. मग कोणतं इंजिन हे दोघांनी म्हणायचं, जो पाय मोकळा ते इंजिन मेलेलं, इन्स्ट्रुमेंटवर तपासायचं. मी लिव्हरवर बोट ठेवणार, शेजारच्याने "कन्फर्म" म्हटल्याशिवाय तो हलणार नाही. हे सावकाश वाटतं. सगळं मिळून पंधरा-वीस सेकंद जातात.

घरच्या कॉम्प्युटरवर सिम खेळून तयारी करणाऱ्यांना एवढंच सांगेन की स्कॅन (इन्स्ट्रुमेंटांवरून नजर फिरवणं) सुधारतो, पण तिथे शेजारी कोणी बसत नाही, आणि आम्ही नेमकं तेच बघत असतो. चेकच्या आधी त्या सिमचे पॉवर आणि पिचचे आकडे मागून घ्या आणि कार्डावर लिहा. मागितल्याने मार्क जात नाहीत. ट्रिम करा (स्टिकवरचा जोर काढून टाका). शेजारच्याला कामं सांगा. पहिला अप्रोच बिघडला तर गो-अराउंड करा (उतरणं सोडून पुन्हा वर जा). दुसरा पहिल्यापेक्षा बरा झाला की आमचं निम्मं समाधान होतं.

उरलेलं, भराभर

मेटारमधला (विमानतळाच्या हवामान अहवालातला) वारा ट्रू (खऱ्या उत्तरेवरून मोजलेला) असतो, टॉवर सांगतो तो मॅग्नेटिक (होकायंत्राच्या उत्तरेवरून). क्रॉसविंडच्या गणितात दर दुसरा उमेदवार हे विसरतो.

डिसेंटचं गणित डोक्यात करा. १५,००० फूट उतरायचं तर १५ गुणिले ३, म्हणजे ४५ नॉटिकल मैल आधी सुरुवात, वर वेग कमी करायला थोडे. तीन अंशांच्या मार्गावर ग्राउंडस्पीड (जमिनीच्या हिशेबातला वेग) १२० नॉट असेल तर पाचाने गुणा, ६०० फूट प्रतिमिनिट. रोज आंघोळ करताना दोन गणितं केलीत तरी महिन्याभरात जीभ सैल होते.

"तुमची कमजोरी?" यावर "मी परफेक्शनिस्ट आहे" म्हणू नका. कृपा करून.

"मतभेद झाला तेव्हा काय केलंत?" यावर टेनेरिफ (धावपट्टीवर दोन जंबोंची टक्कर) सांगू नका. २७ मार्च १९७७, ५८३ मृत्यू, हे आम्हाला माहीत आहे. तुम्ही तिथे नव्हता. एका मुलीने सांगितलं की तिच्या इन्स्ट्रक्टरला गेजवर भरवसा ठेवून निघायचं होतं, ती म्हणाली मी टाकीत डिपस्टिक घालून बघते, तो चिडला, तिने तरी घातली. इंधन पुरेसंच निघालं. एवढीशी गोष्ट, शेवटी काही थरारक नाही. आम्ही तिला घेतलं.

कंपनी कोणती विमानं उडवते, बेस कुठे आहेत, हे न बघता येणारे अजून येतात. बेस आवडला नाही तर आत्ताच सांगा, टाइप रेटिंग (त्या विमानाचं प्रशिक्षण) झाल्यावर नको.

बूट पॉलिश. एवढंच.

लायसन्स आणि मेडिकल मूळ कागद घेऊन या आणि तारखा आदल्या दिवशी बघा. मेडिकल संपलेलं आहे हे उमेदवाराला आमच्याकडून कळावं, असं एकदा झालंय.

आणि जमलं तर एक पेन्सिल आणा. कागद आम्ही देतो, माझी पेन्सिल मात्र दुसऱ्या उमेदवारापर्यंत कुणीतरी खिशात घालून नेलेली असते.