फेल्टचे बैल करताय? या चुका टाळा

आषाढ संपत आला की इथे नाशिकला मला फोन सुरू होतात. पोळ्याला घरी केलेले बैल हवे असतात, मातीचे नकोत, काहीतरी वेगळं, म्हणजे फेल्टचे: लोकर न विणता, सुईने टोचून किंवा साबणपाण्यात चोळून घट्ट केलेले. आणि तक्रार ठरलेली: “काका, दोन दिवस सुई टोचतेय, हात भरून आला, पण लोकर काही घट्ट होत नाही.” मी विचारतो, लोकर कुठली? “मेन रोडवरून आणली ना, छान मऊ गुंडा मिळाला.”

झालं.

यात थोडा दोष आपल्या भाषेचाही आहे. विणायच्या कुठल्याही धाग्याला आपण लोकर म्हणतो, मग तो मेंढीच्या अंगावरून आलेला असो की कारखान्यातून. स्वस्तातले चकचकीत गुंडे बहुतेक ॲक्रिलिकचे असतात. मेंढीच्या केसावर अगदी बारीक खवले असतात. गरम साबणपाण्यात चोळलं की ते एकमेकांत अडकतात आणि पुन्हा सुटत नाहीत. जुन्या लोकांना बुरणूस आठवत असेल, तोही असाच, न विणता दाबून केलेला. ॲक्रिलिकच्या तंतूला खवलेच नाहीत. सुईने तो थोडाफार गुंततो, पण दोन बोटांत दाबलं की पुन्हा फुगतो.

मी शहाणपणा शिकवतोय, पण पहिल्या वर्षी मीही हेच केलं. बायकोचा जुना मरून स्वेटर, हाताला उबदार, म्हणजे लोकरीचाच असणार असं मी ठरवून टाकलं. तीन वेळा कढत पाण्यात, जीन्सबरोबर मशीनमध्ये फिरवला. आटून घट्ट कापड व्हायला हवं होतं, त्याची झूल कापणार होतो. स्वेटर बाहेर आला तो आधी होता तेवढाच, फक्त जास्त स्वच्छ. बायको म्हणाली, “चला, निदान धुतला तरी गेला.”

तेव्हापासून माझी सवय: आधी एक धागा तोडायचा, चिमट्यात धरून काडी लावायची. केस जळल्यासारखा वास आला आणि राख बोटांत चुरडली तर लोकर. वितळून काळा कडक मणी झाला तर ॲक्रिलिक, तो गुंडा ज्याला विणता येतं त्याला द्या. या परीक्षेत एकच फसवणूक राहते. मशीनमध्ये धुता येईल अशी खास प्रक्रिया केलेली लोकर असते, ती खरी असूनही आटत नाही, कारण तिचे खवले घालवलेले किंवा झाकलेले असतात. म्हणून स्वेटर कापण्याआधी चिठ्ठी वाचा. खरा लोकरी स्वेटर आटला की विणीचे टाके दिसेनासे होतात आणि कात्री लावली तरी कड उसवत नाही. झुलीसाठी याहून चांगलं कापड मला अजून मिळालेलं नाही.

सिन्नरकडे रानात मेंढ्या बसवलेल्या दिसल्या तर धनगरदादांशी बोला. दख्खनी मेंढीची लोकर राठ असते, घोंगडीची. बैलाच्या तोंडाला ती चालत नाही, पण आतल्या अंगाला उत्तम. फक्त ती धुताना घासू नका, पिळू नका, वरून नळ सोडू नका, नाहीतर बादलीतच तिचा गोळा होतो. रिठ्याच्या गरम पाण्यात दाबून भिजत ठेवा, पाणी बदला आणि सावलीत पसरा. कुसळं हातानेच निघतात. त्याला शॉर्टकट नाही, विचारू नका.

सुईबद्दल थोडं. ही शिवणाची नव्हे, फेल्टची, कडेला बारीक खाचा असलेली. मी अंबडला टूलरूममध्ये तीस वर्षं काढली, त्यामुळे हत्यार वाकडं धरलेलं मला बघवत नाही. सुई जशी सरळ आत जाते तशीच सरळ बाहेर यायला हवी. आत गेल्यावर ती तिरकी करून उचकटली की मोडलीच, आणि मोडलेलं टोक बैलाच्या पोटात राहतं, ज्या बैलाशी उद्या नातू खेळणार असतो. सुरुवातीला ३६ नंबर, आकार आला की ३८, शेवटच्या हाताला ४०. नंबर वाढला की सुई बारीक होते. मांडीवर ठेवून टोचू नका. गोणपाटाची पिशवी शिवून तिच्यात तांदूळ भरा.

पुंजका नेहमी कमी घेतला जातो. टोचून टोचून तो तिसऱ्या हिश्श्यावर येतो, म्हणून पहिल्या बैलाचं वशिंड पुटकुळीएवढं होतं.

ग्लू गन: नको.

आता ज्या चुकीने माझी खरी नाचक्की झाली ती. तीन वर्षांपूर्वी ओळखीच्या एका बाईंनी अकरा बैल सांगितले. ऐन श्रावण. गंगापूर धरणातून पाणी सोडलेलं, गोदाकाठचा दुतोंड्या मारुती कमरेपर्यंत बुडालेला, घरात टॉवेलसुद्धा वाळत नव्हता. वेळ वाचावा म्हणून अंगं सुईने न करता साबणपाण्यात वळली. दोन दिवस पंख्याखाली ठेवली. वरून कोरडी लागत होती, बोटाला, गालालाही. शिंगं बसवली, झुली शिवल्या, जुन्या लग्नपत्रिकेच्या सोनेरी कागदाची बाशिंगं बांधली आणि प्लास्टिकच्या डब्यात भरून झाकण घट्ट लावलं. पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी बाईंसमोर डबा उघडला आणि ओल्या मेंढरांचा कळप घरात शिरल्यासारखा वास सुटला. बाशिंगं लोळागोळा, आणि सात बैलांच्या पोटाला हिरवट बुरशी. बाई काही बोलल्या नाहीत. मी रात्री एक बैल मधोमध कापून पाहिला, तर आतला गाभा भिजवलेल्या स्पंजसारखा.

लोकर पाणी आत धरून ठेवते आणि वरून कोरडी असल्याचं नाटक करते. त्यामुळे हात लावून ठरवणं मी सोडलं. आता प्रत्येक अंग स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवतो आणि वहीत वजन लिहितो. ५८ ग्रॅम, ५१, ४६, ४३, ४१, ४१. दोन दिवस आकडा हलला नाही की मगच शिंगं. तीन-चार तासांत बैल तयार हवा म्हणणाऱ्यांनी मातीचाच आणावा. तोही सुंदर असतो.

पाय आणि शिंगांसाठी द्राक्षाच्या काड्या आपल्याकडे फुकट मिळतात. बरेच जण ऑक्टोबर छाटणीच्या ओल्या काड्या उचलून लगेच बसवतात. महिनाभरात काडी आक्रसते, साल सुटते आणि बैल लंगडा होतो. मी एप्रिलच्या खरड छाटणीच्या काड्या आणतो, उन्हात खडखडीत वाळवतो आणि पुढच्या पोळ्याला वापरतो. आधी चांगल्या धुवा, बागेत मोरचुदाचे फवारे झालेले असतात.

डोळ्यांना गुंजा लावू नका. दिसतात झकास, लाल-काळ्या, सराफ बाजारात एके काळी त्यांनी सोनं तोलायचे. पण चावली गेली तर बी विषारी आहे, आणि हे बैल मुलांच्या हातात जातात. काळ्या लोकरीचा ठिपका पुरतो.

हळदीचा पिवळा रंग खिडकीत उडतो. कांद्याची सालं वापरा, लासलगाव आपल्या जिल्ह्यात असताना सालं विकत घेणाऱ्याला काय म्हणावं? शंभर ग्रॅम लोकरीला दहा-बारा ग्रॅम तुरटी, मंद आंच, उकळी नाही. भांडं उतरवल्यावर लोकर त्यातच गार होऊ द्या. घाईने गार पाण्यात टाकली की रंगीत गोळा मिळतो.

शेवटची तक्रार दिवाळीनंतर येते: “काका, बैलाला भोकं पडली.” कसर. तिच्या अळ्यांना लोकर म्हणजे पंगत. कडुनिंबाचा पाला मी ठेवतो, पण भरवसा ठेवत नाही. कपाटात जाण्याआधी प्रत्येक मूर्ती हवाबंद पिशवीत घालून आठ दिवस फ्रीजरमध्ये, आणि बाहेर काढल्यावर खोलीच्या तापमानाला येईपर्यंत पिशवी उघडायची नाही, नाहीतर दव धरतं. सध्या आमच्याकडे मटारच्या पाकिटाशेजारी चार बैल आणि नांदूरमध्यमेश्वरला पाहून केलेला एक रोहित पक्षी पडून आहेत. बर्फाचा ट्रे कुठे ठेवायचा यावरून घरात बोलणं चालू आहे.