बाथरूम आणि कॅबिनेटच्या पट्ट्या घरीच करताय? या चुका टाळा

कॅबिनेट जुनाट दिसायला लागलं की त्याच्या कडेच्या सजावटीच्या पट्ट्या (ट्रिम) बदलायचं डोक्यात येतं, आणि आयडिया चांगलीच आहे, थोडक्यात लुक बदलतो. बिघडतं ते क्रम चुकल्यामुळे. लीकेज तसंच, टाइल्सचं काम बाकी, आणि आधी पट्टी लावून मोकळे होतात, मग ग्राउट (टाइल्सच्या फटीत भरायचा मसाला) पुसताना तिच्यावर गढूळ पाणी. आधी प्लंबिंग, मग वॉटरप्रूफिंग, टाइल, ग्राउट, कॅबिनेट आणि पट्टी सगळ्यात शेवटी. वॉटरप्रूफिंग नीट सुकलं की पाणी जायची जाळी बंद करून निदान 24 तास पाणी साठवून ठेवा आणि खाली, बाजूच्या भिंतीला ओल येते का बघा, टाइल बसल्यावर कळून काय उपयोग.

आता एमडीएफच्या (लाकडाचे तंतू दाबून केलेल्या बोर्डच्या) पट्टीचं, कारण सगळ्यात जास्त नुकसान इथेच होतं. समोरून मस्त रंग मारलेला असतो पण कापलेलं टोक कोरंच राहतं, आणि ते स्पंजसारखं पाणी ओढतं. आधी टोकाजवळ रंगाला बारीक केसासारखी चीर दिसते, मग तिथे फुगवटा, आणि एकदा फुगली की कितीही घासा, पट्टी पहिल्यासारखी होत नाही, बदलावीच लागते. म्हणून लावायच्या आधीच टोकांना आणि मागच्या बाजूला प्रायमर मारा. टोकाला पहिला हात शोषला जातो, सुकल्यावर बोट फिरवलं की खरखरीत लागतं, तिथे बारीक पॉलिश पेपर मारून दुसरा हात द्या. खालची पट्टी फरशीला टेकवू नका, 2-3 मिमी गॅप ठेवून सिलिकॉन भरा. माझं मत विचाराल तर फरशीलगत पीव्हीसीच लावा.

जुनी पट्टी उपटू नका, आधी जोडावरून कटर फिरवा, नाहीतर सनमायका सोबत निघून येतो.

कोपऱ्यात 45 अंशात कापूनही फट राहते? भिंती बरोब्बर काटकोनात नसतात. कोपरा मोजा आणि अर्धा करा, 92 असेल तर 46, आणि आधी टाकाऊ तुकड्यावर कापून बघा.

सनमायकावरचा रंग नखाने निघत असेल तर चकाकी न घालवता मारलाय. 220 नंबरच्या पेपरने घासून, धूळ ओल्या फडक्याने पुसून, सुकल्यावर गुळगुळीत पृष्ठभागाला धरणारा प्रायमर लावा.

सिलिकॉन जुन्यावर नवीन धरत नाही, जुनं पूर्ण खरवडून काढा, जागा कोरडी करा, नवीन भरल्यावर साधारण 24 तास पाणी लागू देऊ नका. साध्या सिलिकॉनवर रंगही बसत नाही, त्यामुळे जिथे रंग मारायचाय त्या फटीत ॲक्रिलिक सीलंट वापरा, बेसिनच्या कडेला मात्र सिलिकॉनच हवं.

आणि पट्टी चिकटवण्याआधी मास्किंग टेपने तात्पुरती लावून सगळी दारं, ड्रॉवर उघडून बघा, कारण पट्टीची जाडी वाढली की शेजारचं दार घासतं किंवा ड्रॉवर हँडलला अडकतो, आणि हे पक्कं चिकटवल्यावर लक्षात आलं तर पट्टी काढताना दाराचा रंगही जातो.