ऑफिसचं नेट अधूनमधून अडखळतंय? प्लॅन वाढवण्याआधी या चुका टाळा

नाशिकच्या गंगापूर रोडवरच्या एका सीए ऑफिसात गेल्या वर्षी मला बोलावलं होतं. चौदा कॉम्प्युटर, १०० एमबीपीएसची फायबर लाइन. तक्रार नेहमीचीच: "नेट मधेच जातं, मधेच येतं. दिवसभर ठीक असतं, पण नेमकं कामाच्या वेळी गोल गोल फिरत बसतं." त्यांनी आधीच एक उपाय करून पाहिला होता. प्लॅन १०० वरून २०० वर नेला होता. आठ महिने दुप्पट बिल भरून झालं, तरी तक्रार जागच्या जागी होती.

राउटर उलटा करून मागचं लेबल वाचलं. त्याचा वॅन पोर्ट (बाहेरून येणारी लाइन जिथे जोडतात तो) १०० एमबीपीएसचा होता. अशा पोर्टमधून प्रत्यक्षात साधारण ९५ च्या वर काही जात नाही, मग मागून २०० येवोत की ५००. म्हणजे वाढवलेली लाइन एक दिवसही ऑफिसात पोचली नव्हती. पण मूळ त्रासाचं कारण हेही नव्हतं. दिवसभरात लाइन बदलत नव्हती, राउटर बदलत नव्हता, तरी नेट काही वेळ छान चाले आणि काही वेळ अडखळे. जे कधी असतं आणि कधी नसतं, त्याचं कारणही कधी असणारं आणि कधी नसणारं असतं. ते शोधायचं तर आधी "कधी?" हे कळायला हवं, आणि तेच कोणी लिहून ठेवलेलं नव्हतं.

वेळ न लिहिणं: सगळ्यात महागात पडणारी चूक

मी त्या ऑफिसात काहीही न बदलता रॅकजवळ एक वही टांगली. नेट अडकलं की तारीख, वेळ, काय करत होतात आणि वायरवर होतात की वायफायवर, एवढंच लिहायचं. पाच दिवसांत वही बोलायला लागली. जवळजवळ सगळ्या नोंदी सकाळी साडेदहा ते सव्वाअकराच्या होत्या. हिशेबाच्या डेटाचं क्लाउड बॅकअप रात्री दोनला लावलेलं होतं, पण रात्री तो कॉम्प्युटर बंद असायचा. सकाळी तो चालू झाला की राहिलेलं बॅकअप आपोआप वर चढायला लागे आणि पाऊण तास अपलोड पूर्ण भरून जाई. ज्या मॅडम तो कॉम्प्युटर वापरत, त्यांना याची काहीच कल्पना नव्हती.

वहीच्या जोडीला दोन पिंग चालू ठेवा. पिंग म्हणजे एखाद्या पत्त्याला हाक मारून उत्तर किती वेळात येतं ते मोजणारी आज्ञा. वायरने जोडलेल्या एका कॉम्प्युटरवर दोन काळ्या खिडक्या (कमांड प्रॉम्प्ट) उघडायच्या. एकीत आपल्याच राउटरच्या पत्त्याला सतत पिंग, दुसरीत बाहेरच्या एखाद्या स्थिर पत्त्याला, उदाहरणार्थ ८.८.८.८. राउटरचा पिंग वायरवर एक मिलिसेकंदाच्या आत राहायला हवा. तक्रारीच्या वेळी तोच उड्या मारत असेल, तर भानगड ऑफिसच्या आत आहे: केबल, स्विच (सगळ्या केबली जिथे एकत्र येतात तो डबा) किंवा राउटर स्वतः. आतला स्थिर आणि बाहेरचा उड्या मारतोय, तर लाइन भरलीय किंवा कंपनीच्या बाजूला काहीतरी आहे. दोन्ही स्थिर असूनही पानं उघडत नसतील, तर डीएनएस (साइटच्या नावावरून तिचा पत्ता शोधणारी सेवा) तपासा, नाहीतर समोरची वेबसाइटच दमलेली असते.

हे शेवटचं आपल्याकडे फार घडतं. जीएसटीच्या मासिक विवरणपत्रांत जीएसटीआर-१ ची मुदत ११ तारीख, ३बी ची २० तारीख. त्या दिवशी दुपारी पोर्टल रेंगाळलं की सगळं ऑफिस राउटरकडे बघायला लागतं. अशा वेळी दुसऱ्या दोन साइट्स उघडून बघा. त्या फटाफट उघडत असतील तर आपल्या नेटवर्कला हातही लावू नका.

आणखी एक वेळ लक्षात ठेवण्यासारखी आहे. विंडोजचे मासिक अपडेट महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी अमेरिकेतल्या सकाळी निघतात, तेव्हा आपल्याकडे रात्रीचे साडेदहा-साडेअकरा वाजलेले असतात. म्हणून बुधवारी सकाळी ऑफिसातले सगळे कॉम्प्युटर एकदम तेच डाउनलोड करायला धावतात. विंडोजच्या अपडेट सेटिंगमध्ये 'डिलिव्हरी ऑप्टिमायझेशन' आहे. तिथे "माझ्या लोकल नेटवर्कवरची उपकरणं" एवढाच पर्याय निवडा. मग एकाने उतरवलेली फाइल बाकीचे आपसात घेतात. त्यात इंटरनेटवरच्या कॉम्प्युटरांचाही पर्याय असतो. तो चालू असेल तर तुमचं अपलोड अनोळखी लोकांना वाटलं जातं.

फक्त डाउनलोड बघणं

स्पीड टेस्टमधला मोठा आकडा पाहून समाधान मानलं जातं आणि अपलोडकडे कोणी बघतच नाही. अधूनमधून येणाऱ्या त्रासात मला मात्र सर्वाधिक वेळा अपलोडच सापडलेलं आहे, म्हणून हे जरा सविस्तर सांगतो.

तुम्ही काहीही डाउनलोड करत असलात तरी तुमच्याकडून "मिळालं, मिळालं" अशा छोट्या पावत्या समोरच्या सर्व्हरला सतत जात असतात. त्या अपलोडच्याच वाटेने जातात. ती वाट तुंबली की पावत्या उशिरा पोचतात, समोरचा हात आखडता घेतो आणि डाउनलोडही मंदावतं. संध्याकाळी द्वारका चौकात अडकलेल्या दुचाकीसारखं ते असतं. दुचाकीला जागा कितीशी लागते? पण पुढे ट्रकांची रांग असली की तिलाही तेवढंच थांबावं लागतं.

ही रांग असते मोडेम-राउटरच्या बफरमध्ये, म्हणजे डेटा जिथे थांबून राहतो त्या मेमरीत. आकड्यांत बघू. अपलोड २० एमबीपीएस आहे आणि उपकरणात २ मेगाबाइटची रांग मावते. २ मेगाबाइट म्हणजे १६ मेगाबिट, ती रिकामी व्हायला ०.८ सेकंद लागतात. म्हणजे एरवी दहा-पंधरा मिलिसेकंदांत येणारा पिंग आता आठशेच्या पुढे जातो. व्हिडिओ कॉल तुटक होतो, फोनवर बोलणाऱ्यांचे शब्द एकमेकांवर पडतात. आणि गंमत नाही, खरा घोळ असा की या वेळी एकही पॅकेट (डेटाचा छोटा तुकडा) हरवलेलं नसतं. १९८६ साली अमेरिकेत इंटरनेटचा वेग कोंडीमुळे पार कोसळला होता, त्यानंतर संगणकतज्ज्ञ व्हॅन जेकबसन यांनी टीसीपीला, म्हणजे डेटा पाठवण्याच्या नियमांना, शिस्त लावली: पॅकेट गळालं की वाट भरली असं समजायचं आणि वेग कमी करायचा. पण बफर मोठा असला की पॅकेट गळतच नाही, नुसतं रांगेत उभं राहतं. पाठवणाऱ्याला वाटतं वाट मोकळी आहे आणि तो आणखी भरत राहतो. जिम गेटिस या दुसऱ्या संगणकतज्ज्ञांनी २०१० च्या सुमारास या दुखण्याला 'बफरब्लोट' हे नाव दिलं. २०१२ मध्ये कॅथलीन निकोल्स आणि जेकबसन यांनी त्यावर 'कोडेल' ही पद्धत मांडली.

उपाय तेव्हापासून उपलब्ध आहे आणि खर्चिकही नाही. राउटरमध्ये 'एफक्यू-कोडेल' किंवा 'केक' नावाची रांग-व्यवस्था असली तर ती चालू करा. ओपनडब्ल्यूआरटी हे सॉफ्टवेअर चालणाऱ्या राउटरांत ती मिळते, मायक्रोटिक कंपनीच्या राउटरओएस ७ या सॉफ्टवेअरमध्येही आहे. मात्र एक गोष्ट न चुकता करा: वेगाची मर्यादा प्रत्यक्ष मोजलेल्या वेगाच्या ८५ ते ९० टक्क्यांवर ठेवा, अपलोड-डाउनलोड दोन्हीला. थोडा वेग सोडायला लोकांचं मन होत नाही. पण मर्यादा लाइनपेक्षा खाली असली तरच रांग आपल्या राउटरात लागते आणि छोट्या पॅकेटना पुढे काढता येतं. मर्यादा वर ठेवली तर रांग पुन्हा कंपनीच्या मोडेममध्ये, जिथे आपलं काही चालत नाही.

द्राक्षांच्या एका निर्यातदाराकडे फेब्रुवारी-मार्चमध्ये रोज दुपारी हेच व्हायचं. पॅकहाउसमधून कंटेनर भरतानाचे शेकडो फोटो परदेशी खरेदीदाराला चढवले जायचे आणि त्याच वेळी मालकांचा युरोपातल्या माणसाशी व्हिडिओ कॉल असायचा. फोटो थांबवायची गरज पडली नाही. अपलोडला ८५ टक्क्यांची मर्यादा आणि केक, एवढ्यावर कॉल सुरळीत झाले.

वायफायवर स्पीड टेस्ट करून निकाल लावणं

टेस्ट नेहमी वायरवर, आणि त्रास चालू असताना. टेस्ट स्वतःच सगळी लाइन भरून टाकते, तेव्हा दर पाच मिनिटांनी ती मारत राहिलात तर कोंडी तुम्हीच वाढवताय. लाइनचा वेग मेगाबिटमध्ये आणि फाइल कॉपीचा वेग बहुतेकदा मेगाबाइटमध्ये दिसतो, तेव्हा १०० एमबीपीएसच्या लाइनवर सेकंदाला साडेबारा मेगाबाइटपर्यंतच दिसणार. त्यावरून कंपनीशी भांडू नका.

कॅनडा कॉर्नरसारख्या ठिकाणी, जिथे एकेका इमारतीत वीस-पंचवीस ऑफिसं आहेत, २.४ गिगाहर्ट्झवर जागाच उरलेली नसते. एकमेकांवर न चढणारे चॅनल तिथे तीनच: १, ६ आणि ११. शक्य तेवढी उपकरणं ५ गिगाहर्ट्झवर न्या.

सरासरीच्या ग्राफवर विश्वास ठेवणं

"ग्राफमध्ये तर लाइन सात टक्केच वापरलेली दिसते," असं मला अनेक आयटीवाल्यांनी सांगितलंय. बहुतेक मॉनिटरिंग पाच मिनिटांची सरासरी दाखवतं. लाइन वीस सेकंद शंभर टक्के भरली आणि बाकी वेळ रिकामी राहिली, तरी सरासरी सातच टक्के येते. पण त्या वीस सेकंदांत कॉल तुटलेला असतो. शोध चालू असेपर्यंत तरी दहा सेकंदांच्या नोंदी घ्या.

ट्रेसर्टचंही (वाटेतले सगळे टप्पे दाखवणाऱ्या आज्ञेचंही) तसंच. मधल्या एखाद्या टप्प्यावर तारे (*) दिसले आणि पुढचे टप्पे ठीक असले, तर तिथे बिघाड नसतो. तो राउटर फक्त अशा चौकशांना उत्तर देणं मागे ठेवतो.

बंद करून चालू करणं

राउटरचं बटण दाबलं की नेट येतं, म्हणून सगळ्यांना तोच इलाज वाटतो. पण त्याबरोबर पुरावाही पुसला जातो. बटण दाबण्याआधी दोन मिनिटं राउटरमध्ये शिरून प्रोसेसर किती टक्के, चालू कनेक्शन किती आणि लॉग काय म्हणतोय, याचा मोबाइलवर फोटो काढा. छोट्या राउटरची कनेक्शनची यादी भरली की नवं काही उघडत नाही, जुनं चालू राहतं. एकाच कॉम्प्युटरच्या नावावर हजारो कनेक्शन दिसली तर त्याला व्हायरस लागलाय का ते आधी बघा.

आणि स्विच यूपीएसवर आहे ना? कॉम्प्युटर यूपीएसवर असतात, कोपऱ्यातला छोटा स्विच मात्र थेट भिंतीतल्या सॉकेटवर. महावितरणची लाइट क्षणभर गेली तरी तो बंद होऊन पुन्हा सुरू होतो आणि लोकांना वाटतं नेट गेलं.

आतल्या वायरिंगला निर्दोष समजणं

अंबड आणि सातपूरच्या कारखान्यांत माझा निम्मा वेळ यातच जातो. तिथे ऑफिस एका टोकाला आणि शेड दुसऱ्या टोकाला. मध्ये केबल ओढलेली, तीही वेल्डिंग मशिन आणि मोटारींच्या वायरींना बांधून. तांब्याच्या केबलची मर्यादा १०० मीटर. त्यापुढे कधी चालतं, कधी नाही, आणि मशिन चालू झाली की हमखास नाही. शेडपर्यंत फायबर टाका. विजेच्या कडकडाटात एका टोकाचा झटका दुसऱ्या टोकाला जाणंही त्याने टळतं.

गिगाबिटला केबलच्या चारही जोड्या लागतात. एक जोडी सैल झाली की लिंक गुपचूप १०० वर उतरते आणि दिवा तर लागलेलाच असतो. स्विचच्या पोर्टवर वेग किती आणि सीआरसी एरर (बिघडून पोचलेल्या डेटाची मोजणी) वाढताहेत का, हे वाचा. एका बाजूला 'फुल डुप्लेक्स' (एकाच वेळी दोन्ही दिशांना बोलणं) हाताने बसवलेलं आणि दुसरी बाजू 'ऑटो'वर असेल तर दुसरी 'हाफ'वर (एका वेळी एकच दिशा) जाते. थोड्या कामाला ते चालतं, जोर आला की अडखळतं. दोन्ही बाजू ऑटोवर ठेवा.

सीसीटीव्ही तर विसरलेलाच असतो. २ मेगापिक्सेलचा एक कॅमेरा साधारण ४ एमबीपीएस घेतो, सोळा कॅमेरे म्हणजे ६४. ते आणि टॅलीचा डेटा दोन स्विचमधल्या एकाच १०० च्या तारेतून जात असतील, तर इंटरनेटचा संबंधच नसताना "नेट स्लो" होतं. कॅमेऱ्यांना वेगळा स्विच किंवा वेगळं व्हीलॅन (त्याच स्विचवर वेगळं पाडलेलं नेटवर्क) द्या. आतला वेग मोजायला दोन कॉम्प्युटरांवर आयपर्फ हा प्रोग्रॅम चालवा. गिगाबिटवर नऊशेच्या आसपास आकडा यायला हवा.

कोणी टेबलाखाली लोंबणाऱ्या पॅच कॉर्डची दोन्ही टोकं एकाच स्विचमध्ये खोचली तर सगळं ऑफिस एकदम थिजतं आणि दिवे वेड्यासारखे लुकलुकतात. लूप ओळखणारा स्विच घ्या. दोन-चार हजार जास्त गेले तरी चालतील.

एखाद्या माणसावर खापर फोडणं

"तो पोरगा यूट्यूब बघतो" हे वाक्य मोजमापाआधी उच्चारू नका. एका ऑफिसात ज्याच्यावर आठवडाभर सगळे रागावले होते, त्याच्या कॉम्प्युटरवरून जवळजवळ काहीच जात नव्हतं. राउटरमध्ये उपकरणवार वापर दिसतो. तो आधी पाहा, मग बोला.

कंपनीला "नेट स्लो आहे" एवढंच सांगणं

बाहेरचा दोष असेलच, तर आधी राउटर काढून लॅपटॉप थेट कंपनीच्या उपकरणाला वायरने जोडा आणि त्रासाच्या वेळी मोजा. मग तारीख, वेळ, पिंगचे आकडे आणि उपकरणावरची ऑप्टिकल पॉवर (फायबरमधून पोचणाऱ्या प्रकाशाची ताकद, डीबीएममध्ये) लिहून तक्रार करा. ही पॉवर उणे २७ डीबीएमच्या जवळ असेल तर जोड किंवा वाकलेली फायबर तपासायला लावा. पावसाळ्यात आणि रस्ते खोदल्यावर, जे सिंहस्थाच्या कामांमुळे शहरात बरंच झालंय, हे वारंवार होतं. पॉवर ठीक आणि रोज ठराविक वेळीच वेग पडतो, तर वाटून घेतलेल्या लाइनवर गर्दी आहे. साध्या फायबर ब्रॉडबँडमध्ये एकच फायबर ३२ किंवा ६४ ग्राहकांत फाटते. तिथे मोठा प्लॅन घेऊन फरक पडेलच असं नाही. दुसऱ्या कंपनीची लाइन किंवा लीज लाइन (फक्त तुमच्यासाठी राखलेली) हा मार्ग.

दुसरी लाइन घेतलीत तर दोन्हीवर काम वाटून देताना जपा. एकाच कॉम्प्युटरची कनेक्शनं कधी या लाइनने, कधी त्या लाइनने गेली की बँकेची साइट मधेच लॉग आउट करते, कारण तिला पत्ता बदललेला दिसतो. एक कॉम्प्युटर एकाच लाइनवर राहील असं बसवा, किंवा दुसरी लाइन फक्त पहिली पडल्यावर चालू होऊ द्या. आणि महिन्यातून एकदा पहिली वायर हाताने काढून ती खरंच चालू होते का ते बघा.